मी टाकलेली पिन आणि तीर्थनच्या खोऱ्यातलं गवत

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल, नाहीतर आई हाका मारतेय आणि तुम्ही ऐकू न आल्याचं सोंग करत असाल. काहीही असो, पंधरा-वीस मिनिटं मला द्या.

आज आपण हिमालयात जाणार आहोत. पण हा 'बघायलाच हव्यात अशा दहा जागा' वगैरे भाग नाही. मी तुम्हाला एका खोऱ्याची गोष्ट सांगणार आहे आणि त्या खोऱ्यात मी केलेल्या एका चुकीची. चूक बरोबर बावीस सेकंदांची होती. माझं रील तेवढंच लांब होतं.

खोऱ्याचं नाव तीर्थन. हिमाचल प्रदेश, कुल्लू जिल्हा. तुम्ही चंदीगडहून मनालीच्या रात्रीच्या बसने गेला असाल, तर त्याच्या तोंडावरून झोपेत पुढे गेला आहात. मंडी मागे पडते, बियास नदी रस्त्याला लागून वाहत असते आणि मग औटचा लांबच लांब बोगदा लागतो. मनालीवाले सगळे बोगद्यात शिरतात. त्याच्या अलीकडे एक रस्ता फुटतो, तो लारजीला जातो. तीर्थन नदी येऊन बियासला मिळते ती इथेच. मग नदी धरून उलट वर चढायचं. बंजार लागतं, बाजारपेठेचं गाव. त्याच्या पुढे गुशैणी. मोठी गाडी जाते ती साधारण इथपर्यंत. त्याच्या पुढची बरीच गावं अशी आहेत, की वर पोहोचेपर्यंत तुम्हाला तुमच्या फिटनेसबद्दलचे सगळे गैरसमज दूर झालेले असतात.

मी पहिल्यांदा गेले सप्टेंबर २०२२ मध्ये. पाऊस नुकताच ओसरला होता. ज्या घरी राहिले, ते गाव गुशैणीच्या वर, चढून तासाभरावर. गावाचं नाव मी आज सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

घर होतं काठकुणी पद्धतीचं. शब्द ऐकून गंमत वाटली ना? काष्ठ आणि कोन. आपल्याला लगेच कळतो. देवदारच्या जाड तुळया आडव्या ठेवायच्या, मध्ये दगडांचे थर भरायचे, आणि कोपऱ्यात तुळया एकमेकींत अडकवायच्या. सिमेंट नाही. भूकंप आला की भिंत थोडी हलते, पण कोसळत नाही. १९०५ मध्ये कांगड्याचा जो मोठा भूकंप झाला, त्यातून या पद्धतीच्या कित्येक इमारती वाचल्या. बंजारजवळ चैहणीला असा एक उंच मनोरा आहे, तो आजही उभा आहे. या घरांना भीती असते ती आगीची. एका घराला लागली की शेजारच्यालाही धरते.

खाली गुरं, वर माणसं. गुरांची ऊब वर येते. घरच्या बाईंना मी चाचीजी म्हणायचे, त्या मला बेटा म्हणायच्या. वय साठीच्या आसपास. अंगावर पट्टू, म्हणजे लोकरीचं जाड वस्त्र, खांद्याशी पिनेने अडकवलेलं. पाठीवर किलटा, म्हणजे निमुळती उंच टोपली. मी रिकामी पाठपिशवी घेऊन धापा टाकत असायचे आणि त्या किलट्यात गवत भरून माझ्या पुढे. वर बोलायच्याही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाबरोबर जंगलात गेले. तिथलं जंगल जिन्यासारखं आहे. प्रत्येक मजल्यावर वेगळी झाडं. खाली नदीकाठी अक्रोड. मग देवदार आणि कैल, म्हणजे निळसर पाइन. त्यानंतर बान आणि मोहरू, दोन्ही ओकची झाडं, ज्यांचा पाला गुरांना घालतात. त्याच्या वर राई आणि तोश, हे स्प्रूस आणि फर. मग खरशू, हाही ओकच, पण थंडी सोसणारा. आणि अगदी वर भोज. भूर्जपत्र म्हणतो ना आपण, त्याचं झाड. भोजच्या वर झाडं संपतात आणि कुरणं सुरू होतात. त्यांना तिथे थाच म्हणतात.

या जंगलात जुजुराणा राहतो. पक्ष्यांचा राजा. इंग्रजीत वेस्टर्न ट्रॅगोपॅन, हिमाचलचा राज्यपक्षी. जगात फार थोड्या ठिकाणी उरलाय, आणि त्यातलं एक महत्त्वाचं ठिकाण हे. मला दिसला नाही. चाचीजींचा मुलगा म्हणाला, "दीदी, आम्हालाही वर्षानुवर्षं दिसत नाही, आणि तुम्ही दोन दिवसांत बघणार?"

परतताना एक उतार लागला. कमरेएवढं गवत, वाऱ्यावर हलणारं, मध्ये मध्ये जांभळी फुलं, कडेला एक छोटा धबधबा, मागे देवदारची रांग. माणूस नाही, कुंपण नाही, पाटी नाही. मी गवतात शिरले, गोल फिरले, व्हिडिओ काढला. बावीस सेकंद. वर लिहिलं, 'हिमालयातली अनटच्ड जागा', आणि खाली लोकेशनची पिन टाकली. घरी येऊन वायफाय मिळाल्यावर अपलोड केलं.

रात्री चुलीपाशी बसलो होतो. चाचीजींनी सिड्डू केले होते. गव्हाच्या आंबवलेल्या पिठाची वाफवलेली पोळी, आत अक्रोडाचं सारण, वरून तूप. मी त्यांना रील दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून दोनदा बघितलं आणि विचारलं, "हे वर काय लिहिलंय?"

मी म्हणाले, "अनटच्ड. म्हणजे जिथे कुणाचा हात लागलेला नाही अशी जागा."

त्या हसल्या. "बेटा, ती आमची घासणी आहे."

तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ नीट कळला नाही. मी ऐकलं, मान हलवली, आणि दुसरा सिड्डू घेतला.

आता इथे थोडं थांबून मागे जाऊया. कारण 'हात न लागलेली जागा' हा शब्द या खोऱ्यात किती महागात पडलाय, ते मला नंतर वाचून आणि लोकांशी बोलून समजलं.

तीर्थनच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे. चार खोऱ्यांचा वरचा भाग त्यात येतो: तीर्थन, सैंज, जीवा नाला आणि पार्वती. मूळ उद्यान साधारण ७५४ चौरस किलोमीटरचं. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. उद्यानाला लागून खालच्या बाजूला गावांचा पट्टा आहे, त्याला इकोझोन म्हणतात.

सरकारने उद्यान करण्याचा इरादा जाहीर केला १९८४ मध्ये. अंतिम अधिसूचना निघाली १९९९ मध्ये. तोपर्यंत या गावांचे लोक त्या जंगलात जातच होते. उन्हाळ्यात मेंढ्या-बकऱ्या घेऊन थाचवर जायचे. वसंतात गुच्छी गोळा करायचे, म्हणजे ती सुरकुतलेली रानटी अळिंबी, वाळवून किलोला हजारोंनी विकली जाते. आणि औषधी मुळ्या खणायचे. धूप, कडू, पतीस.

पतीस म्हणजे काय, माहितीये? आपल्याकडे बाळाला गुटी देतात ना, सहाणेवर हिरडा, जायफळ, मुरुडशेंग उगाळून? त्यात एक अतिविष असतं. तेच पतीस. ते उगवतं हिमालयात, उंचावर. आणि कडू म्हणजे आपली कुटकी. म्हणजे तुमच्या-माझ्यापैकी ज्यांना लहानपणी गुटी मिळाली, त्यांच्या पोटात हिमालयातल्या कुठल्या तरी डोंगराचा तुकडा गेलेला आहे. मग ते डोंगर हात न लागलेले कसे?

अडचण अशी, की औषध मुळात असतं. मूळ काढलं की रोप गेलं. मागणी वाढत गेली तसं खणणंही वाढलं. मेंढ्याही खूप होत्या. त्यामुळे उद्यान करणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती, हे मला मान्य करायला हवं. जुजुराणा जमिनीलगत वावरणारा पक्षी. वसंतात त्याची वीण, आणि नेमकी तेव्हाच जंगलात गुच्छीसाठी माणसांची गर्दी.

पण हक्क संपवताना काय झालं ते बघा. भरपाई द्यायची तर कुणाला? आधार धरला १८८६ च्या ब्रिटिश काळातल्या जंगल-नोंदीचा. त्या कागदात ज्यांच्या पूर्वजांचे हक्क लिहिले होते, त्यांना पैसे. त्यानंतरच्या शंभराहून जास्त वर्षांत जे जंगलावर जगले, पण कागदात आले नाहीत, त्यांना भरपाई नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाचं काय होतं, ते तुमच्या आजोबांना विचारा, म्हणजे हे लगेच कळेल.

आणि याच सुमाराची दुसरी गोष्ट. मेंढपाळांना सांगितलं, आता वर यायचं नाही, निसर्ग जपायचाय. आणि जीवा नाल्याच्या खोऱ्यातला सुमारे दहा चौरस किलोमीटरचा तुकडा उद्यानातून वगळला, पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी. मेंढीला बंदी आणि बोगद्याला वाट. हे मी वाचलं तेव्हा पुन्हा एकदा वाचलं, मला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय.

शेजारच्या सैंज खोऱ्यात आज त्या प्रकल्पाची कामं दिसतात. तिसरा टप्पा ५२० मेगावॅटचा, दुसरा ८०० मेगावॅटचा. त्या विजेवर शहरं चालतात, त्यात आपले फोनही चार्ज होतात, त्यामुळे मी इथे बसून सोपा निकाल देणार नाही. पण तीर्थनमध्ये असे प्रकल्प झाले नाहीत, आणि तो योगायोग नाही. तीर्थनवरही प्रकल्प सुचवले गेले होते. गावांनी विरोध केला, या भागाचे माजी आमदार दिलेराम शबाब त्यात पुढे होते, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि नदी मोकळी राहिली. तुम्ही तीर्थनच्या काठावर बसून पाण्याचा आवाज रेकॉर्ड करता ना, तो आवाज आहे, कारण कुणीतरी कोर्टाच्या फेऱ्या मारल्या.

बरं, त्या नदीतला प्रसिद्ध ट्राउट मासा? तोसुद्धा मूळचा इथला नाही. इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास कुल्लूत आणून सोडला. म्हणजे 'अनटच्ड' नदीतला मासासुद्धा पाहुणाच.

मग जंगल राखलं कुणी? उद्यानाने राखलं, हे खरंच. पण त्याच्या कितीतरी आधी देवांनीही राखलं. आपल्या कोकणात देवराई असते, तसंच तिथे देवतांचं बन असतं. तिथे कुऱ्हाड चालत नाही. बंजारच्या भागात शृंग ऋषी हे मोठं दैवत. गावाला काही विचारायचं असेल तर गूर, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो, देवाच्या वतीने उत्तर देतो. तुम्ही मानता की नाही, हा वेगळा प्रश्न. पण सगळ्या गावाने एकत्र बसून 'आता जंगलात जायचं की नाही' ठरवायची ती एक पद्धत आहे, एवढं तर दिसतं.

आणि बायकांनी राखलं. जंगल बंद झाल्यावर घरात पैसा कुठून यायचा? मग इकोझोनमध्ये बायकांचे बचत गट उभे राहिले. दिवसाला एक रुपया. हो, एक रुपया. त्यातून गांडूळखत, जर्दाळूच्या बियांचं तेल, हाताने केलेल्या वस्तू. पुढे पोरं वाटाडे झाली, घरांत पाहुणे राहू लागले. चाचीजींच्या घरात मी राहिले, ते यातूनच. ज्या घराच्या मेंढ्या एके काळी वर जायच्या, त्या घराला आता माझ्यासारख्यांच्या पैशांवर उभं राहायचं होतं.

आता माझ्या चुकीकडे परत येते.

रील चाललं. माझं त्याआधीचं कुठलंही तेवढं चाललं नव्हतं. लोक खाली विचारायचे, कसं जायचं, बस कुठून, आणि मी खुशीत प्रत्येकाला उत्तर द्यायचे. दुसऱ्यांनी ते उचललं, गाणं बदललं, पिन तीच ठेवली.

मधल्या काळात जुलै २०२३ चा पूर आला. कुल्लू जिल्ह्यातले रस्ते तुटले, सैंजच्या बाजारातली घरं-दुकानं वाहून गेली. मी चाचीजींना फोन केला. त्या म्हणाल्या, आम्ही ठीक आहोत, पण पाहुणे नाहीत. तेव्हा मला वाटलं, माझ्या रीलमुळे लोक परत यायला मदतच होईल.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी पुन्हा गेले. घरी पोहोचले, चहा झाला, आणि मी म्हटलं, त्या जागी जाऊन येऊ. चाचीजी म्हणाल्या, "चल, मीही येते."

गवत आडवं झालेलं होतं. उभ्या गवताच्या मधून पायवाटा, एक नाही, सात-आठ. दोन ठिकाणी तंबू लावल्याचे चौकोन. एक काळा डाग, शेकोटीचा. धबधब्यापाशी नूडल्सची पाकिटं, बाटल्या आणि ओले टिश्यू.

आणि तिथे उभं राहून त्यांनी मला घासणी म्हणजे काय ते समजावलं. ती रिकामी जागा नसते. पावसाळाभर तिच्यात गुरं सोडत नाहीत. गवत वाढू देतात. पाऊस संपला की बायका विळे घेऊन येतात, गवत कापतात, वाळवतात, किलट्यातून घरी नेतात आणि रचून ठेवतात. डिसेंबरपासून बर्फ पडतं. पुढचे काही महिने गुरं तेच खातात. म्हणजे मी ज्या गवतात गोल फिरले, ते एका गायीचं जानेवारीतलं जेवण होतं. तुडवलेलं गवत विळ्यात येत नाही, कुजतं. त्या वर्षी त्यांना चारा विकत आणावा लागणार होता, खालून, भाडं देऊन, आणि शेवटचा तासभर पाठीवरून.

मी म्हणाले, "चाचीजी, माफ करा. मी टाकलेल्या पिनमुळे झालं हे."

त्या लगेच काही बोलल्या नाहीत. बाटल्या गोळा करून किलट्यात टाकत होत्या. मीही टाकायला लागले. मग म्हणाल्या, "तू सांगितलं होतंस ना, इथे कुणाचा हात लागला नाही म्हणून. मग आलेल्यांना कसं कळणार, ही कुणाची तरी आहे?"

मंडळी, हे वाक्य मला आजही टोचतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विचारलं, "लोकांनी येऊच नये का मग?" त्यावर मात्र त्या पटकन म्हणाल्या, "असं कुठे म्हटलं? पाहुणे यायलाच हवेत. पण घरी यावेत. विचारून यावेत. आमच्याकडे देवाच्या बनातही विचारून जातात."

रील मी त्याच रात्री काढून टाकलं. पण बाकीच्यांनी उचललेल्या प्रती अजून फिरतायत. मी काहींना मेसेज केले. काहींनी पिन काढली, काहींनी हसण्याची इमोजी पाठवली. परत आल्यावर मी चाऱ्याचे पैसे पाठवले. त्यांनी ते पुढच्या वेळच्या मुक्कामाचे आगाऊ म्हणून धरलेत. म्हणजे मला जावंच लागणार.

तुम्ही तीर्थनला जा. खरंच जा. पण काही गोष्टी लक्षात ठेवा. उद्यानात शिरायला परवाना लागतो, तो आधी काढा. गावातलाच वाटाड्या घ्या. तो तुम्हाला रस्ता दाखवेल, आणि कुठे पाय ठेवायचा नाही हेही सांगेल. राहायचं ते कुणाच्या तरी घरी, मोकळ्या दिसणाऱ्या कुरणात तंबू ठोकून नाही. कुणी रस्त्यात 'ताजी जडीबुटी' विकत असेल तर घेऊ नका, तुमच्या पिशवीतलं मूळ म्हणजे वर एक रोप कमी. कचरा परत आणा, अगदी चंदीगडपर्यंत आणावा लागला तरी.

आणि फोटो, व्हिडिओ काढा, मी कोण नाही म्हणणार! फक्त पिन टाकण्याआधी जवळच्या घरात जाऊन एक प्रश्न विचारा: ही जागा कुणाची आहे? उत्तर नेहमी मिळतं. हिमालयात मिळतं, तसं आपल्या सह्याद्रीतही मिळेल. तुमच्या त्या 'सिक्रेट' धबधब्याच्या वरचं भातखाचर कुणाचं आहे, ते विचारलंय कधी?

तुमच्याकडूनही अशी एखादी पिन टाकली गेली असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. आवडलेल्या नोट्स, तुमची परवानगी असेल तर, पुढच्या भागात ऐकवेन. जागेचं नाव मात्र सांगू नका.

चला, आई अजून हाका मारत असेल तर आता ओ द्या. भेटू पुढच्या आठवड्यात.